हो की नाही, एवढंच सांगा

“त्या बोळात तुमचं काय काम होतं, बाई?” नानासाहेबांनी विचारलं.

आवाज अगदी मऊ, घरात सुनेकडे पाणी मागावं तसा. ठाण्याच्या सेशन कोर्टात त्यांच्या मागच्या खुर्चीवर मी बसलो होतो. सनद मिळून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि नानासाहेब टिपणिसांचा ज्युनिअर म्हणवून घेण्यात इतका अभिमान वाटे की भर उन्हातसुद्धा मी अंगातला काळा कोट काढत नसे.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या त्या द्वारकाबाई कर्णिक. चाळिशीच्या. जुनंच पण स्वच्छ धुतलेलं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला पदर. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून होते, ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. घरात लग्नाची मुलगी. ती मुलगी, कुंदा, कोर्टात मागच्या बाकावर बसली होती.

खटला खुनाचा होता. अनंतराव भिसे नावाचे एकटे राहणारे गृहस्थ आपल्याच स्वयंपाकघरात डोक्यात वरवंटा घालून मारलेले सापडले होते. आरोपी होता त्यांचा सख्खा पुतण्या मुकुंद. काका राहतं घर दुसऱ्या कुणाच्या नावे करणार अशी कुणकुण लागल्यावर दोघांत जोराचं भांडण झालं होतं. मुकुंद म्हणत होता, त्या संध्याकाळी मी कल्याणला होतो. आणि द्वारकाबाई म्हणत होत्या, दिवेलागणीला अनंतरावांच्या मागच्या दारातून बोळात येताना मी त्याला पाहिलं, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली त्याचं तोंड स्वच्छ दिसलं. सरकार पक्षाकडे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस ते एवढंच.

त्या काळी खुनाचा निकाल ज्यूरीच्या हाती असे. आमच्या ज्यूरीत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, तेच फोरमन. शिवाय तांदळाचे व्यापारी, एक पारशी औषधवाले, एक हेडमास्तर आणि असेच बाकीचे. नानासाहेब मला नेहमी सांगत, “रणदिवे, प्रश्न साक्षीदाराला विचारायचा, पण डोळा ज्यूरीवर ठेवायचा. त्यांना कायदा कळत नाही हे ते कबूल करतात. पण माणूस कळत नाही, विशेषतः बाई कळत नाही, असं एकही पुरुष कबूल करत नाही.”

त्या दिवशी ते अर्धे ज्यूरीकडे वळूनच उभे होते.

बोळात काय काम होतं, या प्रश्नाला द्वारकाबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. नानासाहेबांनीही ते येण्याची वाट पाहिली नाही. देवळात चालला होता का? नाही. बाजारातून येत होता? नाही. त्या बोळात कुणी नातेवाईक राहतात? नाही. बोळात कुणाचं पुढचं दार उघडतं का? नाही, सगळी मागची दारं. अनंतरावांचंही मागचं दार तिथेच ना? हो. आणि ते एकटे राहत? हो.

तांदळाचे व्यापारी जरा पुढे झुकले.

“तुमच्या पदराखाली काही होतं?”

द्वारकाबाईंनी मान वर केली. “मी तुम्हाला सांगते, मी...”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“हो.”

“कुणाला दिसू नये म्हणून झाकलं होतं?”

“हो.”

“आपण कुठे जातो आहोत हे यजमानांना सांगून निघाला होता?”

“नाही.”

“मुलीला?”

द्वारकाबाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या.

नानासाहेबांनी पुढे काहीच विचारलं नाही. ज्यूरीकडे पाहून त्यांनी किंचित मान झुकवली, आपल्यालाच कसंतरी वाटत आहे अशी, आणि खाली बसले. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पोस्टमास्तर छताकडे पाहू लागले. एकट्या पुरुषाच्या मागच्या दाराशी दिवेलागणीला, नवऱ्याला न सांगता, पदराखाली काहीतरी लपवून गेलेली बाई. एवढं त्यांच्या मनात भरलं होतं, आणि त्यातला एकही शब्द नानासाहेबांनी उच्चारला नव्हता.

सरकारी वकील मुन्शी मुंबईहून आलेले. फेरतपासणीला उठायचं की नाही, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पदराखाली काय होतं, असं विचारलं आणि उत्तर भलतंच आलं तर उरलीसुरली साक्षही जायची. ते उठले नाहीत. साक्ष संपली असं जज्जसाहेबांनी सांगितलं, तरी द्वारकाबाई पिंजऱ्यात तशाच उभ्या राहिल्या, कुणीतरी अजून काही विचारील म्हणून. शेवटी पट्टेवाला म्हणाला, “चला बाई, उतरा.”

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे नानासाहेबांकडे जेवायला होतो. मी सडाफटिंग माणूस, आठवड्यातून दोन-तीनदा तरी माई मला जेवायला थांबवून घेत. माई म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी. शांत बाई, कोर्टातल्या गोष्टी कधी विचारायच्या नाहीत. त्या दिवशीही त्यांनी विचारलं नव्हतं. मीच उत्साहाच्या भरात सांगत सुटलो. नानांनी कसं एकेक दार बंद करत आणलं, कसं एक वावगं अक्षर न बोलता सगळं ज्यूरीच्या गळी उतरवलं. नानासाहेब मुकाट्याने जेवत होते. मला वाटलं, विनय.

माईंचा भात वाढणारा हात थांबला. “कोण बाई म्हणालास?”

“द्वारकाबाई कर्णिक.”

माईंनी पातेलं खाली ठेवलं. “खटला कोणत्या खुनाचा?”

मी सांगितलं. खुनाची ती संध्याकाळ माझ्याही लक्षात होती. त्याच संध्याकाळी नानासाहेबांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा होता आणि मी धोतर खोचून पंगतीत वाढायला होतो. पंगत उठता उठता मागच्या बोळात अनंतरावांच्या घराशी आरडाओरडा झाला, तेव्हा हातातलं तूप तसंच ठेवून आम्ही पुरुषमंडळी धावलो होतो.

“अहो,” माई म्हणाल्या, “ती आपल्या दारी आली होती.”

नानासाहेब भात कालवत राहिले.

“वालाचं बिरडं, पुऱ्या आणि मसालेभात. माझ्या हातानं डबा भरून दिला तिला. तुम्ही हात धुवायला मागे आलात तेव्हा ती उंबऱ्याशी होती. तुम्ही पाहिलंत तिला.”

“पाहिलं.”

मी ताटावरून नजर काढून नानासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी भाताचा घास कालवून ठेवला होता, पण उचलला नव्हता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कर्णिक अंथरुणाला खिळल्यापासून द्वारकाबाईंच्या घरी कधीकधी चूल पेटत नसे. माईंचं माहेर त्यांच्या शेजारचं. घरात कार्य असलं की माई त्यांना निरोप धाडत, आणि दिवेलागणीला त्या मागच्या दाराशी येऊन डबा नेत. मागच्या दाराने बोलाव, जातीत कुणाला कळायला नको, बाईची लाज राहील, असं सुचवणारेही नानासाहेबच होते.

“तुम्हाला उत्तर ठाऊक होतं, आणि तरी विचारलंत,” माई म्हणाल्या.

नानासाहेबांनी तेव्हा जे सांगितलं ते एखाद्या वकिलाने वकिलाला सांगावं तसं होतं. मी आरोपीचा वकील आहे, साक्षीदार नव्हे. माझ्या पक्षकाराच्या गळ्याशी दोर आहे. मी त्या बाईवर कसलाही आरोप केला नाही, खोटं एक अक्षर बोललो नाही. ती बोलली असती तर मी काय तिचं तोंड धरणार होतो?

“ती बोलणार नाही हे ठाऊक होतं म्हणून तर विचारलंत,” माई म्हणाल्या. “तिची लाज तुम्हाला ठाऊक होती. तीच काढलीत कामाला.”

मला मघाशी केलेल्या स्तुतीची इतकी शरम वाटली की पाणी पिण्याच्या निमित्ताने मी उठलोच. परत आलो तेव्हा नानासाहेब पानावरून उठून गेले होते. माई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं की, सरकारी वकील उतरले कुठे आहेत.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं तेव्हा मुन्शींनी अर्ज दिला. आणखी एक साक्षीदार तपासायचा आहे. जज्जसाहेबांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि नानासाहेबांकडे पाहून विचारलं, आपली काही हरकत? आपल्याऐवजी दुसऱ्या वकिलांनी उलटतपासणी घ्यावी असं वाटत असेल तर कोर्ट वेळ देईल, असंही ते म्हणाले. हरकत नाही, वेळही नको, असं नानासाहेबांनी उत्तर दिलं.

माई पिंजऱ्यात चढल्या. जरीकाठाचं लुगडं, नाकात नथ. कार्याला जावं तशा आल्या होत्या. त्यांनी शपथ घेतली. मुन्शींनी विचारलं, द्वारकाबाई त्या बोळात कशासाठी आल्या होत्या.

“माझ्याकडे आली होती. माझ्या मुलीचा साखरपुडा होता. द्वारका माझी पाहुणी होती.”

“मागच्या दाराने का?”

“पुढे व्याह्यांची गर्दी होती. ती घरचीच. मागनं आली, पंगतीला बसली, जेवली. जाताना तिच्या आजारी यजमानांसाठी मी चार घास बांधून दिले. ते होतं पदराखाली. दृष्ट लागू नये म्हणून अन्न झाकूनच नेतात.”

तांदळाचे व्यापारी हसले. पारशी औषधवाल्यांनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ज्यूरीची अशी मोकळी झालेली तोंडं मी पूर्वी नानासाहेबांच्याच भाषणानंतर पाहिली होती.

माई खोटं बोलत होत्या. डब्याचं खरं होतं, पंगतीचं खोटं. मी त्या पंगतीत तूप वाढत फिरलो होतो. नानासाहेब प्रत्येक पानापाशी थांबून आग्रह करत होते. द्वारकाबाई त्या पंगतीत नव्हत्या, आणि हे आम्हा दोघांना जसं ठाऊक होतं तसं ते आम्हाला ठाऊक आहे हे माईंनाही ठाऊक होतं.

नानासाहेब उठले.

एक प्रश्न पुरे होता. पंगतीत तिच्या शेजारी कोण बसलं होतं? माई चाचरल्या असत्या. किंवा कुणाचं तरी नाव घेतलं असतं, आणि त्या बाईला दुपारपर्यंत कोर्टात आणता आलं असतं. मग पंगत खोटी, म्हणून डबाही खोटा, म्हणून साक्षच सगळी खोटी. ज्यूरी त्याच वाटेने जाते. मुकुंदचे वडील आबा भिसे आमच्या पाठीशी बसले होते. ते पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “विचारा ना, नानासाहेब. विचारा काहीतरी.”

नानासाहेब टेबलाची कड धरून उभे होते. माई सरळ त्यांच्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती. विचारायचं तर विचारा, एवढंच होतं. त्या दिवशी प्रथमच मी नानासाहेबांना ज्यूरीकडे पाठ करून उभं राहिलेलं पाहिलं.

“मला काही विचारायचं नाही,” ते म्हणाले आणि बसले.

बसताना त्यांनी माझ्या कोटाची बाही धरली, अंधारात पायरी चुकल्यावर माणूस हाताशी येईल ते धरतो तशी.

ज्यूरीने मुकुंदला दोषी ठरवलं. जन्मठेप झाली, हायकोर्टाने कायम केली. निकालाच्या दिवशी आबा भिसे आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “मी वकील केला होता. तुम्ही तर नवरा निघालात.” नानासाहेबांनी ते ऐकून घेतलं. पुढे मुकुंदने तुरुंगात बापाजवळ सगळं कबूल केलं, असं आबांनीच एकदा बाजारात भेटून मला सांगितलं. नानासाहेबांना सांगा, असंही म्हणाले. मी सांगितलं. त्यांना त्याने बरं वाटलेलं मला दिसलं नाही.

माझा पक्षकार दोषी निघाला म्हणून माझं वागणं बरोबर ठरत नाही, असं ते म्हणाले. कुठल्या वागण्याबद्दल, हे मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी एका बाईच्या लाजेचं त्यांनी हत्यार केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी खोट्या साक्षीसमोर तोंड मिटून ते पक्षकाराला सोडून बसले होते. कुठल्याही बाजूने मोजलं तरी त्यांना आपण उणेच दिसत. ज्यूरीचं काम त्यांनी त्यानंतर घेतलं नाही. पुढे ज्यूरीच गेली.

पण मला सांगायचं आहे ते निकालानंतरच्या एका सकाळचं. नानासाहेब माझ्या खोलीवर आले. कधी येत नसत. म्हणाले, कर्णिकांकडे जायचं आहे, बरोबर चला. एकट्याने जाववत नव्हतं हे उघड होतं.

तलावाच्या पलीकडे एका चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कर्णिक खाटेवर पडून होते. आम्हाला पाहून त्यांनी एक हात कपाळाशी नेला. द्वारकाबाईंनी सतरंजी घातली आणि आत जाऊन चहा केला. कुंदा घरात नव्हती. चहा आला तरी नानासाहेबांनी कपाला हात लावला नाही.

“मी माफी मागायला आलो आहे,” ते म्हणाले. “मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही बोलणार नाही, लाजेनं गप्प बसाल, हे धरून मी विचारलं.”

द्वारकाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत.

“पण मी सांगणार होते, नानासाहेब.”

नानासाहेबांनी वर पाहिलं.

“समन्स आलं त्याच दिवशी ठरवलं होतं. तिथे काय करत होतीस, असं कुणीतरी विचारणारच. विचारलं की सांगायचं, टिपणिसांकडून अन्न आणायला गेले होते, नेहमी जाते. कुंदाला मी कोर्टात का आणलं होतं? तिला ते कळायचंच होतं. चार लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून, माझ्यासमोर कळावं, म्हणून. लाज वाटत होती हो. नाही कशी वाटणार? पण माणसाचा जीव गेला होता. आणि म्हटलं, एकदा सगळ्यांपुढे बोलून टाकलं की झाकायचं काही उरणार नाही.” त्या थांबल्या. “मी तोंड उघडलंसुद्धा होतं. तुम्ही म्हणालात, हो की नाही, एवढंच सांगा.”

खाटेवर कर्णिकांनी मान भिंतीकडे वळवली.

नानासाहेब काहीतरी पुटपुटले. निदान माईंनी येऊन सावरलं, तुमचं नाव राखलं, अशा अर्थाचं.

“माईंनी मायेनं केलं. त्यांना वाटलं, मला पंगतीत बसवलं तर माझी अब्रू राहील.” त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. “आता सगळं ठाणं मला तुमची पाहुणी म्हणतं. कुंदाला पाहायला आलेले लोकसुद्धा म्हणाले, टिपणिसांच्या पंगतीला होतात ना तुम्ही? मी हो म्हटलं. तिच्यासमोर म्हटलं. तिला ठाऊक आहे मी नव्हते ते. पंगतीला गेलेली आई रिकाम्या पोटी घरी येत नाही.”

द्वारकाबाईंनी पदराचं टोक सोडलं.

“आणि आता डबा न्यायला येता येत नाही. पाहुणी म्हटल्यावर मागच्या दाराशी कशी उभी राहू? कुणी पाहिलं तर माई कोर्टात खोटं बोलल्या असं होईल.” मग त्या घाईने म्हणाल्या, “माईंना यातलं काही सांगू नका. त्यांचं मन दुखेल.”

चहा गार झाला होता. नानासाहेबांनी तो तसाच एका घोटात संपवला, जणू तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. निघताना खाटेपाशी थांबून त्यांनी कर्णिकांना नमस्कार केला. कर्णिक भिंतीकडेच पाहत होते.

परतीच्या वाटेवर तलावाच्या काठाने आम्ही चालत आलो. ओळखीचे लोक नमस्कार करत होते, नानासाहेब कुणाला प्रतिनमस्कार करत होते, कुणाला विसरत होते. माझ्या घराचं वळण आलं तेव्हा मी थांबलो. ते थांबले नाहीत, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो.

माई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आम्हाला एकत्र पाहून त्यांनी विचारलं, कुठे गेला होता? द्वारकाबाईंनी सांगू नका म्हटलं होतं. नानासाहेबांनी सांगितलं. उभ्यानेच, एकही शब्द न गाळता, साक्षीदाराने सांगावं तसं. कुंदाला कोर्टात का आणलं होतं ते, तोंड उघडलं होतं ते, डब्याचं, सगळं.

माईंनी सूप मांडीवरून बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग त्यावरचा रंग उतरत गेला. पिंजऱ्यात नथ घालून ताठ उभी राहिलेली ती बाई मला त्या क्षणी एकदम म्हातारी दिसली.

“मी त्या दिवशी सकाळी तिच्या घरावरूनच गेले मुन्शींकडे,” त्या म्हणाल्या. “दार उघडं होतं. ती आत केर काढत होती. मनात आलं, हाक मारावी, तुझ्यासाठी मी हे करते आहे असं सांगावं. मग म्हटलं, बिचारी ओशाळेल.”

नानासाहेब त्यांच्याशेजारी ओसरीच्या कडेवर बसले. अंगातला कोटही त्यांनी काढला नव्हता.

“तुम्ही निदान विचारलंत तरी,” माई म्हणाल्या. “मी तेही केलं नाही.”